गिटमध्ये कोऱ्या इतिहासाची ब्रँच

प्रकल्पाची माहिती देणारी वेबसाइट त्याच गिट रिपॉझिटरीत (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रकल्पाच्या साठ्यात) ठेवायची आहे, पण कोडच्या जुन्या कमिटशी, म्हणजे नोंदवलेल्या बदलांशी, तिचा संबंध नको? मग ऑर्फन ब्रँच, म्हणजे जुना इतिहास नसलेली वेगळी शाखा, तयार करा. तिच्या पहिल्या कमिटला पालक कमिटच नसते.

कमांड दोन आहेत आणि त्यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. जुनी ‘गिट चेकआउट --ऑर्फन नवे-नाव’ इतिहास सोडते, पण सगळ्या फायली जागेवर, वर स्टेज केलेल्या (पुढच्या कमिटसाठी निवडलेल्या) अवस्थेत ठेवते. लक्ष न देता कमिट केलंत तर अख्खा कोड नव्या ब्रँचमध्ये येतो. २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीत आलेली ‘गिट स्विच --ऑर्फन नवे-नाव’ ट्रॅक केलेल्या (गिट ज्यांची नोंद ठेवतं त्या) सगळ्या फायली फोल्डरमधून काढून टाकते. रिकामी पाटी हवी असेल तर हीच वापरा. फोल्डर ओसाड दिसलं तरी घाबरू नका. मूळ ब्रँचवर परतलात की फायली हजर.

खरी मेख पुढे आहे. फायलींबरोबर गिटइग्नोर, म्हणजे गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं ते सांगणारी फाइल, हीही जाते. त्यामुळे तिने आजवर झाकलेलं सगळं, म्हणजे नोड मॉड्यूल्सचं अवजड फोल्डर किंवा पासवर्डची एन्व्ह फाइल, आता अनट्रॅक्ड म्हणून उघडं पडतं. म्हणून इथे सगळं एकदम जोडणारी ‘गिट अ‍ॅड .’ अजिबात नको. आधी ‘गिट स्टेटस’ बघा, मग एकेक फाइल नाव घेऊन जोडा.

पहिली कमिट होईपर्यंत ‘गिट ब्रँच’च्या यादीत ही ब्रँच दिसत नाही. आणि पुढे कधी मुख्य ब्रँचशी मर्ज करायला (ती तिच्यात मिसळायला) गेलात, तर गिट सरळ नकार देतं. ‘--अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज’ हा पर्याय त्यासाठी आहे, पण तो लागलाच तर वेगळी ब्रँच हवी होती का, हे आधी तपासा.