छातीत धडधड सुरू झाली की असं चालून बघा

सकाळी उठल्याउठल्या टेन्शन येत असेल तर नागपूरच्या फुटाळा तलावावरच्या गर्दीत कशाला, घरची गच्ची चालते, दहा-पंधरा पावलांची जागा पुरे. चप्पल काढा, मोबाईल खालीच ठेवा. आधी नुसतं उभं राहा, तळव्यांवर वजन जाणवू द्या, मग पाय उचलला, पुढे नेला, टाच टेकली, बोटं टेकली, एवढंच बघायचं, टोकाला थांबून सावकाश वळायचं. मन ऑफिसात पळणारच, चिडू नका, परत तळव्याशी या, खरं काम तेच. बौद्ध परंपरेत याला चंक्रमण म्हणतात. दहा मिनिटं करा. मे महिन्यात मात्र सातच्या आतच, नंतर फरशीने पाय भाजतात. आणि रोजच झोप उडत असेल तर डॉक्टरला नक्की भेटा.