मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता पुढे काय?

ऑपरेशन १५-२० मिनिटांत उरकतं, खरं काम नंतरच्या ४-६ आठवड्यांचं, आणि त्यात सगळ्यात कंटाळवाणं म्हणजे ड्रॉप्स. आधी हात साबणाने धुवा, मान मागे टाका, खालची पापणी बोटाने जराशी खाली ओढा, तिथे जो खिसा होतो त्यात एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, मग डोळा अलगद मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दुसरा ड्रॉप लगेच नको, ५ मिनिटं थांबा नाहीतर पहिला वाहून जातो. ड्रॉप्स मनाने बंद करू नका, बरं वाटतंय म्हणून सोडणारे खूप असतात!

डोळा चोळायचा नाही. झोपेत हात जातोच, म्हणून पहिला आठवडाभर रात्री शील्ड (डोळ्यावरचं प्लास्टिकचं कवच) लावा. डोक्यावरून अंघोळ, जड उचलणं, पोहणं हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवलेल्या नवीन लेन्सने पांढरा रंग एकदम निळसर दिसतो, घाबरू नका, आधीची लेन्स पिवळी पडलेली असते म्हणून तसं वाटतं. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, मल्टीफोकलमध्ये (जवळचं-लांबचं दोन्ही दिसावं अशी लेन्स) जरा जास्तच, हळूहळू सवय होते. मोनोफोकल (एकाच अंतराचं, बहुधा लांबचं, स्पष्ट दाखवणारी लेन्स) असेल तर वाचायला चष्मा बहुतेक लागतोच, पण नंबर स्थिर होईपर्यंत नवा करू नका, पैसे वाया.

थोडं खुपणं, पाणी येणं चालतं. पण दुखणं किंवा लाली वाढली, नजर कमी झाली, विजा चमकल्यासारखं किंवा पडदा आल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका.