साठेखत करून मालकाने जमीन दुसऱ्यालाच विकली तर?

इसार दिला, साठेखत झालं आणि भाव वाढल्यावर मालकाने तिसऱ्याच्या नावे खरेदीखत करून टाकलं, तर निव्वळ इसार परत घेऊन गप्प बसायची गरज नाही. विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 19 नुसार त्या नव्या खरेदीदाराविरुद्धही करारपूर्तीचा हुकूम मिळतो. त्याने पूर्ण पैसे मोजले असतील, प्रामाणिकपणे व्यवहार केला असेल आणि तुमच्या कराराची त्याला खबर नसेल, तरच तो सुटतो. म्हणून साठेखत नोंदवूनच घ्या. नोंदणीचे पैसे वाचवून स्टॅम्पपेपरवर नोटरी करणं म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ ही पळवाट त्याला आपल्याच हाताने देणं.

दाव्यात मालकासोबत नव्या खरेदीदारालाही प्रतिवादी करा. उरलेली रक्कम द्यायला तुम्ही तयार होतात हे दाखवायला त्या काळातलं बँक स्टेटमेंट, कर्जमंजुरीचं पत्र, मालकाला पाठवलेली नोटीस जपून ठेवा. इसार परतीची पर्यायी मागणीही त्याच दाव्यात लिहून घ्या.

महाराष्ट्रात एक गोष्ट हमखास राहून जाते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 ला झालेल्या 1939 च्या मुंबई दुरुस्तीमुळे इथे नुसता दावा दाखल करून भागत नाही, ‘लिस पेंडन्स’ची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नसेल तर दावा चालू असताना झालेल्या पुढच्या विक्रीला कलम 52 चा चाप बसत नाही, म्हणजे दाव्याचा निकाल त्या खरेदीदारावर आपोआप बंधनकारक होत नाही. वकिलाला हे पहिल्याच भेटीत विचारा.

दावा दाखल करायची मुदत तीन वर्षं: खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर मालकाने नकार दिल्याचं कळल्यापासून.