टारफुला उपटून दमलात? आधी त्याच्या बियांना फसवा

ज्वारीत टारफुला (पिकाच्या मुळावर जगणारं तण) वर दिसतो तेव्हा तो खाली मुळाला चिकटून कित्येक दिवस रस ओढत असतो, म्हणून नुसतं उपटून भागत नाही. बी धुळीइतकं बारीक, वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं आणि जवळच्या मुळातून स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं रसायन पाझरलं की मगच उगवतं. जमिनीत स्फुरद कमी असेल तर पीक ते जास्तच सोडतं, त्यामुळे खताकडे खरंच लक्ष द्या. अन् फेरपालटात कापूस घ्या! १९६६ साली स्ट्रिगॉल हे त्याच गटातलं रसायन कापसाच्याच मुळांच्या स्रावातून मिळालं होतं, म्हणजे बी फसून उगवतं पण चिकटता येत नाही, उपाशी मरतं. एका हंगामात रान साफ नाही होणार. उरलेला फुलं यायच्या आत उपटा, एकेका झाडाला हजारो बिया असतात.