वस्तीतली पोरं कामावर का टिकत नाहीत, हे शोधायचं कसं

'आजकालच्या पोरांना कामच नको' हे आधी डोक्यातून काढा. शोधायला दोन रविवार, एक वही आणि वस्तीतलेच दोघं पुरतात.

पहिल्या रविवारी १८ ते २९ वयाच्या प्रत्येकाला विचारा: शेवटचं काम कुठलं, कोणी सांगितलं, घरातून गेटपर्यंत किती वेळ, का सुटलं? 'कोणी सांगितलं' हा रकाना गाळू नका. कोकणात मुंबईची नोकरी बऱ्याचदा वाडीच्या मुंबई मंडळातून (मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या संघटनेतून) कळते आणि लोटे किंवा मिरजोळे एमआयडीसीतलं काम ठेकेदाराच्या माणसाकडून. तो माणूस तुमच्या वस्तीत फिरकतच नसेल, तर जागा भरल्यावरच कळणार. वस्ती वेगळी पाडली की कामही लांब जातं, हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉन केन यांनी शिकागो आणि डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीयांबद्दल १९६८ मध्येच मांडलं होतं.

वेळ अंदाजाने लिहू नका, स्वतः जाऊन बघा. दुसरी पाळी रात्री ११ ला सुटली, तर त्यानंतर एसटी आहे का? पावसात साकवावरून येता येतं का?

खरी मेख पहिल्या महिन्यात असते. पगार महिन्याने, भाडं रोज. एका वेळचे २५ रुपये धरले तर २६ दिवसांचे १,३०० होतात. एसटीचा मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात, म्हणजे हजारात बसतो. पण ते हजार आधी मोजावे लागतात. ज्याच्या घरी ते नाहीत, तो मध्येच घरी बसतो. मग ठेकेदार म्हणतो, 'तिथली पोरं टिकत नाहीत', आणि पुढच्या पोराचीही वाट बंद. म्हणून पहिला पास बचत गटातून बिनव्याजी काढून द्या, फेड दोन पगारांत.

पत्ताही तपासा. वाडीच्या नावावरून जात कळते, आणि त्यावरूनही काम नाकारलं जाऊ शकतं. जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे. तुमच्याकडे जुनंच नाव चालू असेल तर गावात ग्रामसभेचा ठराव घ्या, शहरात नगरपरिषदेत अर्ज द्या. नंतर आधारपासून बँकेपर्यंत पत्ता एकसारखा करा, नाहीतर पडताळणीत अडकतं.

दुसऱ्या रविवारी नावं चार गटांत वाटा: वाट, पैसा, ओळख (काम सांगणारं कोणी नसणं), कौशल्य. आयटीआयचा सल्ला फक्त चौथ्या गटाला द्या. वाटेच्या गटासाठी आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहा. 'गाडी वाढवा' एवढंच लिहून भागत नाही; थांबा, पाळीची वेळ आणि रोज चढणाऱ्यांची नावं सह्यांसकट द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.