फेसबुकवर नाव असे लिहावे की आपली माणसे आपल्याला शोधू शकतील

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून मी निवृत्त झाले, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने मला फेसबुकवर खाते उघडून दिले. पहिले चार दिवस मी वर्गमैत्रिणींना शोधत होते आणि एकही सापडली नाही. त्या तेथे होत्या. मात्र त्यांची नावे ज्या अक्षरांत मी शोधत होते, त्या अक्षरांत त्यांनी ती लिहिलेली नव्हती. सीमाभागातून नव्याने येणाऱ्याने सर्वांत आधी याच गोष्टीचा विचार करावा, असे माझे मत आहे.

फेसबुक २००४ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपुरते सुरू झाले आणि २००६ पासून तेरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही तेथे खाते उघडता येऊ लागले. तेथे माणूस नावाने शोधला जातो, आणि आपल्याकडे एकाच माणसाचे नाव देवनागरी, कन्नड व रोमन अशा तीन लिप्यांत वावरते. रोमन लिपीतही एकवाक्यता नाही. कर्नाटकात ‘त’ लिहिताना ‘टी’ला ‘एच’ जोडण्याची पद्धत असल्यामुळे येथील दाखल्यावरची सविता कोल्हापूरला सून म्हणून गेली, की तिच्या नावातला तो ‘एच’ पुष्कळदा गळून पडतो. गावाचेही तसेच आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले, तरी जुने इंग्रजी रूप अजून अनेकांच्या खात्यावर आहे. म्हणून शोधताना दोन्ही रूपे लिहून पाहावीत.

स्वतःचे नाव लिहिताना घाई करू नये, कारण एकदा बदललेले नाव पुढचे साठ दिवस पुन्हा बदलता येत नाही. विवाहित स्त्रियांनी स्वतःच्या माहितीच्या पानावर ‘इतर नावे’ या जागी माहेरचे नाव अवश्य नोंदवावे; ही सोय मला सहा महिन्यांनी कळली, याची आजही हळहळ वाटते. त्यासोबत शाळेचे नाव आणि मूळ गाव लिहावे. मी हे सारे भरल्यावर, नंदगडला एका बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या आणि आता म्हापशाला राहणाऱ्या मैत्रिणीने आठवड्याभरात मला शोधून काढले.

फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जोडून ठेवाव्यात. आपल्या मनातले मराठीत लिहावे आणि शेजाऱ्याच्या कन्नड मजकुराखाली दोन शब्द कन्नडमध्ये लिहिता आले तर तेही लिहावेत. त्याला ते निश्चितच आवडते.

मजकूर लिहिण्याच्या चौकटीजवळ तो सर्वांना दिसावा, मित्रांना दिसावा की फक्त आपल्याला, हे ठरवता येते. नातवंडांचे व घरच्या कार्याचे फोटो मित्रांपुरतेच ठेवावेत. अनोळखी व्यक्तीला आपले फोटो व मजकूर पाहता येऊ नयेत म्हणून प्रोफाइलला कुलूप लावण्याची सोयही आहे. सीमाप्रश्नाविषयीचे काही पुढे पाठवण्यापूर्वी मात्र त्याची तारीख पाहावी. कित्येक वर्षांपूर्वीच्या मोर्चाचा फोटो आजचा म्हणून फिरताना मी पाहिला आहे, आणि अशा वेळी दोन्ही भाषांच्या माणसांमध्ये विनाकारण कटुता येते.

एके दिवशी, आधीच मित्रयादीत असलेल्या एका परिचितांच्या नावाने मला पुन्हा मैत्रीची विनंती आली आणि ती स्वीकारताच रुग्णालयाच्या खर्चासाठी तातडीने पैसे मागण्यात आले. मी त्यांच्या घरी फोन केला, तेव्हा ते अंगणात सुपारी सोलत बसले होते. अशी मागणी आल्यास उत्तर न देता आधी त्या व्यक्तीशी फोनवर बोलावे. खोट्या खात्याच्या पानावरील तीन टिंबांवर बोट ठेवून तक्रारीचा पर्याय निवडावा आणि ज्याचे सोंग घेतले आहे त्यालाही तशीच तक्रार करण्यास सांगावे. पैसे गेलेच असतील, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी ती थांबवणे शक्य असते.