दोन रात्रींची सहल, अकरा नग: जास्त सामान भरणाऱ्या जोडीदारासोबत जाताना या चुका टाळा

शुक्रवारी पहाटे पुण्याहून निघायचं, रविवारी रात्री परत यायचं. मुक्काम दापोलीजवळ, माणसं चार, गाडी छोटी. पार्किंगमध्ये सामान मोजलं तर अकरा नग निघतात: दोन ट्रॉली बॅगा, एक सॅक, खाऊची पिशवी, चपलांची पिशवी, पाण्याचा जार, दोन उशा, मुलांच्या खेळण्यांची थैली, ‘ही हाताशी राहू दे’ म्हणून दिलेली पिशवी आणि तिच्यात न मावलेल्या वस्तूंची आणखी एक.

सामान भरणारी बायकोच असते असं नाही. नवरे कपडे कमी घेतात, पण एक्स्टेंशन बोर्ड, ट्रायपॉड, पान्यांचा डबा आणि चार चार्जर हेही सामानच. भांडण मात्र ठरलेल्या जागी होतं, डिकीपाशी.

निघताना बॅग उघडायला लावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पहाटे पाचला बॅग उघडून ‘हे काढ, ते काढ’ केलं की काढलेलं सामान कपाटात परत जात नाही, कॅरीबॅगेत जातं. वजन तेवढंच राहतं आणि नग मात्र दोनाने वाढतात. शिवाय गडबडीत मुलाचं औषध काढलेल्या ढिगात राहून जातं.

आवराआवर बुधवारी रात्री करा. सगळं पलंगावर मांडायचं, बॅगेत काहीच भरायचं नाही. वीस मिनिटं पुरतात. गुरुवारी रात्री बॅग बंद. त्यानंतर फक्त टूथब्रश, चार्जर आणि डबा.

‘कमी घे’ एवढंच सांगणं

कमी म्हणजे किती? भरणाऱ्याच्या मते त्याने आधीच कमी केलेलं असतं. शब्दाऐवजी माप द्या. बुधवारीच रिकाम्या बॅगा खाली नेऊन डिकीत ठेवा आणि दार लावून पाहा. ज्या बॅगांवर दार बंद झालं, तेवढंच सामान. मग नको कोण म्हणतंय? डिकी म्हणतेय.

सीएनजी गाडीत हे अगदी करायलाच हवं. साधारण ६० लिटरची टाकी डिकीची बहुतेक जागा खाते आणि उरलेल्या बेचक्यात कडक ट्रॉली बसतच नाही. तिथे कापडी, दाबता येणारी डफल बॅग घ्या. मधल्या आकाराची ट्रॉली रिकामीच ३ ते ४ किलोची असते, डफल एक-सव्वा किलोची. चौघांना दोन रात्रींसाठी ५५ ते ६५ लिटरची एक बॅग कपड्यांना, एक सॅक आणि एक खाऊची पिशवी पुरते.

न मावलेलं सामान मागच्या काचेपाशी रचू नका. मागचं दिसत नाही आणि जोरात ब्रेक लागला की ते मानेवर येतं. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली तर नकोच. ताम्हिणीच्या वळणावर ती घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली जाऊ शकते.

फुटकळ वस्तूंवर वाद घालणं

सेफ्टी पिना, सुईदोरा, टिकल्यांचं पाकीट यांनी काही अडत नाही. खरं वजन टॉवेल, जीन्स आणि चपला-बुटांचं. अंघोळीचा जाड टॉवेल कोरडा असताना ५०० ते ६०० ग्रॅम. चार घेतले की दोन किलोंच्या वर. कोकणातल्या दमट हवेत ते वाळत नाहीत, म्हणून परतीला ते आणखी जड आणि कुबट. त्याऐवजी पंचे घ्या, पातळ असल्याने लवकर वाळतात. जीन्स साधारण ६०० ते ७०० ग्रॅमची, त्यामुळे एकच आणि तीही अंगावर.

बाकी हिशोब सोपा: अंगावरचे कपडे, दोन जोड आणि एक रात्रीचा. मुलांना रोज एक जोड जास्त. समुद्रात भिजायला एक जुना जोड आणि ओलं ठेवायला जाड प्लास्टिकची पिशवी. शांपूची बाटली नको, पुड्या घ्या.

‘लागलं तर?’ला हसणं

सगळ्यांचं सामान एकच माणूस भरत असेल तर ते जास्तच भरलं जाणार. विसरलं तर बोलणी त्यालाच खावी लागतात. ‘मोजे कुठायत?’ हा प्रश्न त्यालाच येतो. म्हणून प्रत्येक मोठ्या माणसाने आपले कपडे आपण काढायचे. आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही चड्ड्या मोजता येतात.

मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करा. टॉवेल देता का, गरम पाणी किती वाजता, इस्त्री आहे का, जादा पांघरूण मिळेल का? या चार उत्तरांवर अर्धी पिशवी रिकामी होते. उरलेल्या ‘लागलं तर’साठी शाळेच्या कंपासपेटीच्या दुप्पट आकाराचा एक पाऊच द्या: थर्मामीटर, मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तापाचं आणि घाटात मळमळ होऊ नये म्हणूनचं औषध, बँडेज पट्ट्या, ओआरएसची दोन पाकिटं (एका लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटर पाण्यातच घालायचं, ग्लासात अर्धं नाही). उलटीसाठीच्या पिशव्या मात्र पाऊचमध्ये नकोत, सीटच्या मागच्या खिशात.

आणि एक नियम आधीच ठरवा: जो वस्तू काढायला लावेल, ती लागली तर त्यानेच जाऊन आणायची. छत्री तुम्ही काढायला लावलीत आणि पाऊस आला, तर भिजत दुकानात तुम्ही जायचं. या नियमाने काढायला लावणाराही जरा विचार करतो.

परतीची जागा न ठेवणं

जाताना बॅग चतुर्थांश रिकामी हवी. खाऊ पहिल्या दिवसापुरता: दशम्या, कोरडी चटणी, वर एखादा चिवडा. येताना आमसुलं, आंबापोळी, काजू येणारच. कोकम आगळाची बाटली असेल तर झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून झाकण घट्ट लावा, वरून चिकटपट्टी फिरवा आणि बाटली उभीच ठेवा, कपड्यांत आडवी कधीच नाही. आगळाचा डाग पांढऱ्या कुर्त्यावरून सहजी निघत नाही.

गाडी सोडून इतर प्रवास

रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं, त्यामुळे वजनावरून कोणी अडवायची वेळ सहसा येत नाही. अडचण होते पुलाच्या पायऱ्यांवर आणि दोन मिनिटं थांबणाऱ्या स्टेशनावर. तिथे माणशी एकच नग. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो, हाताशी ७ किलो. घरच्या वजनकाट्यावर बॅग घेऊन उभे राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

घरी आल्यावर बॅगा उपसताना न वापरलेल्या वस्तूंचा ढीग वेगळा करा, फोनवर फोटो काढा आणि तेव्हा काही बोलू नका. फोटो पुढच्या बुधवारी, पलंगावर सामान मांडलेलं असताना दाखवायचा. तीन सहलींत एकदाही बाहेर न आलेली वस्तू चौथ्या वेळी घरी राहते. औषधं, छत्री आणि टॉर्चला हा नियम लावू नका.